मतलई वाऱ्याची सकाळ

कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पबनिकोत वाऱ्याबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. शाळेत जाणारं पोरसुद्धा दप्तर खांद्याला लावता लावता आज वायव्येचा आहे म्हणून सांगतं. पण ही सगळी मतं बोटीच्या हिशेबाची. पाव किलोचं ड्रोन हवेत सोडायचं तर वारा कसा बघायचा, हे गावात एकाच बाईला कळत होतं. तिचं नाव झेली अमिरो, आणि आपल्याला हे कळतं हे ती कुणाला विसरू देत नसे.

झेली अठ्ठावन्न वर्षांची. बुटकी, रुंद, लाल कोटातली. बावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात शेवंडं खोक्यांत भरून तिची मनगटं कामातून गेली, तेव्हा मुलाने, रेआलने, नाताळात तिला एक छोटं ड्रोन आणून दिलं. आईने घरात बसून बापाचं डोकं खाऊ नये एवढाच त्याचा हेतू होता. पहिल्या महिन्यात ते धुराड्यावर आपटलं, दुसऱ्या महिन्यात पाद्रीबाबांच्या गाडीवर. त्यानंतर मात्र तिला जे वेड लागलं ते लागलंच.

तिची पद्धत ठरलेली होती. फोनवरचा वाऱ्याचा आकडा ती बघायची, पण मानायची नाही. "तो विमानतळावरचा वारा," ती म्हणायची. "विमानतळ माझ्या अंगणात आहे का?" ती तीन ठिकाणी जाऊन उभी राहायची. आधी बर्फाच्या कारखान्यामागे, जिथे वादळातही काडी पेटते. मग धक्क्याच्या टोकाला. मग चर्चच्या दफनभूमीतल्या उंचवट्यावर. अग्निशमन केंद्रावरचा झेंडा मध्येच मान टाकत असला तर ठीक, इस्त्री केल्यासारखा ताठ असला तर घरी. टोकावरच्या पवनचक्क्यांची तोंडं कुठे वळली आहेत ते बघायचं, कारण वरचा वारा खालच्याला विचारून वाहत नाही. झोत किती येतात हे दहा मिनिटं घड्याळ लावून मोजायचं. साधा वारा आणि झोत यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फरक दिसला की पिशवीची चेन उघडायचीच नाही. उडवलं तरी आधी छातीच्या उंचीवर, मग छपराच्या, मग झाडाच्या, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून ते किती तिरकं होतंय ते बघायचं.

आणि सगळ्यांत वरचा नियम: जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे येताना वारा पाठीशी असतो. दमलेल्या बॅटरीला चढ द्यायचा नाही.

हा नियम ती कशी शिकली हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. रेआलने दिलेलं ते पहिलं ड्रोन जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्याने, आपल्या मतलई वाऱ्याने, सरळ नेलं होतं. मतलई वारा म्हणजे आमच्या कोळ्यांचा लाडका. किनाऱ्यालगत पाणी ताटासारखं सपाट, बोट कशी लोण्यातून जाते. ते सपाट पाणी बघून झेलीनेही त्या दिवशी "आज झकास" म्हटलं आणि ड्रोन सोडलं. ते गेलं ते आलंच नाही. तिने गुपचूप तसंच दुसरं मागवलं आणि तोंड मिटून घेतलं. आपण चुकलो हे कबूल करणं अमिरोंच्या घराण्यात बसत नाही.

तिचं खरं राज्य वर्षातून एकच दिवस असायचं. नोव्हेंबरच्या अखेरीला शेवंडांचा मोसम उघडतो आणि सगळ्या बोटी सापळ्यांच्या चळती रचून एकाच वेळी बंदराबाहेर पडतात. आमच्याकडे त्याला सापळे टाकायचा दिवस म्हणतात. बायका, पोरं, म्हातारे सगळे पहाटेपासून धक्क्यावर हात हलवत उभे असतात. झेली तिथे कधीच नसे. बहुतेक वेळा त्या दिवशी मतलई वाराच असतो, म्हणून ती अर्धा मैल चालून बंदराच्या तोंडाशी दगडी बांधाच्या टोकावर एकटी जाऊन उभी राहायची आणि ड्रोन वाऱ्याच्या तोंडावर, येणाऱ्या बोटींच्या दिशेने सोडायची. बोटी पुढे निघून गेल्या की ते वाऱ्याबरोबर आरामात तिच्या पायाशी येऊन बसायचं. प्रत्येक बोटीचा व्हिडिओ वेगळा. दुपारपर्यंत घराघरांतून फोन. "झेली, आमच्या माणसाचा किती छान आला गं!" पाच वर्षं हे असं चाललं होतं.

मग सप्टेंबरात कोरीन आली.

कोरीन तिची धाकटी बहीण. सहा वर्षांनी लहान, चार बोटं उंच, आणि लहानपणापासून सगळं उशिरा करून आधी शाबासकी घेणारी. चर्चमध्ये गायची ती कोरीन. मंक्टन शहरात जाऊन शिकली ती कोरीन. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा झेलीने दोन वर्षं तिचं सगळं केलं, आणि आई विचारायची ते "कोरीनचा फोन आला का?" मंक्टनला लग्नांचे आणि विकायच्या घरांचे व्हिडिओ काढायचा तिचा धंदा होता. नवऱ्याशी फाटल्यावर ती हिवाळाभर राहायला आईबापांच्या रिकाम्या घरी आली. येताना सामानात झेलीच्या ड्रोनच्या तिप्पट मोठं ड्रोन होतं.

पहिल्याच आठवड्यात तिने दीपगृहाचा सूर्यास्ताचा व्हिडिओ गावाच्या पानावर टाकला. त्यावर नऊशे जणांनी लाल बदाम दिले. झेलीच्या सगळ्यांत गाजलेल्या व्हिडिओवर एकशे बारा होते. ती रोज सकाळी कॉफी पिताना दोन्ही आकडे बघायची, आणि एकदा तर जळफळाटात बोट चुकून बदामावर पडलं, तर तिने तो काढून नुसता अंगठा दिला.

"सुंदर आलाय ना?" तिचा नवरा एव्हारिस्त म्हणाला.

"सूर्यच सुंदर आहे. त्यात हिचं काय?"

"तसं तर बोटीही आपणहून जातात."

त्या रात्रीच्या जेवणात एव्हारिस्तला मीठ जरा जास्तच लागलं.

हे सगळं तिने पचवलंही असतं. पण एव्हारिस्तच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी समुद्र बंद केला होता, आणि यंदा पहिल्यांदा बोटीचा तांडेल होता रेआल. एकुलता एक पोरगा, एकतीस वर्षांचा, पहिल्यांदा स्वतःच्या हातात सुकाणू घेऊन निघणार. झेलीने ऑगस्टपासून मनात ठरवलं होतं की त्याचा व्हिडिओ कसा काढायचा, कुठून सुरू करायचा, कुठे थांबायचं.

मोसमाच्या आदल्या रविवारी रेआल जेवायला आला. टेबलावर किसलेल्या बटाट्याची आणि कोंबडीची रापी होती, वर काकवी. दुसऱ्यांदा वाढून घेताना तो म्हणाला, "आई, यंदा माझी बोट कोरीन मावशी काढणार आहे. मी सांगितलंय तिला. तू आपली धक्क्यावर ये, बाबांबरोबर. जरा आराम कर."

झेलीने पातेलं खाली ठेवलं. "आराम?"

"हो. दरवर्षी त्या दगडांवर एकटी गारठत असतेस."

"तिचा कॅमेरा चांगला आहे म्हणून ना?"

"कॅमेरा चांगला आहेच गं, पण–"

"झालं तर मग. खा. गार होतंय."

रेआल पुढे काहीतरी सांगू बघत होता, पण झेली उठून नळ सोडून भांडी घासायला लागली होती, आणि ती भांडी घासायला लागली की तिच्याशी बोलणं म्हणजे इंजिनाशी बोलणं. कोरीनने आई नेली, गावाचं कौतुक नेलं, आता पोरगाही नेला. तिने तळाला लागलेली रापी अशी खरवडली की पातेल्याचं पाणी उतरलं.

सोमवारी वारा पंचवीस नॉटच्या वर होता म्हणून मोसम लांबला. मंगळवारीही तेच. बुधवारी हुकूम आला: उद्या सकाळी सातला बोटी सुटणार.

फटफटताना सगळं गाव धक्क्यावर होतं. थंडीने नाकं लाल, हातात कॉफीचे कागदी पेले. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, त्यातलं निम्मं वाऱ्याने त्यांच्याच झग्यावर आलं. कोरीन बर्फाच्या कारखान्याच्या आडोशाला उभी राहून ड्रोनचे पंख उलगडत होती. तिथे वारा नावालाही नव्हता. पुढे बंदरातलं पाणी ताटासारखं सपाट.

झेली एव्हारिस्तच्या शेजारी उभी होती, हात लाल कोटाच्या खिशात. तिने सवयीने सगळं बघून घेतलं होतं. झेंडा इस्त्री केल्यासारखा ताठ, समुद्राकडे. पवनचक्क्यांनी तोंडं वायव्येला केलेली आणि पाती भन्नाट फिरतायत. बंदराच्या तोंडाशी समुद्रपक्षी पंख पसरून जागच्या जागी उभे, पुढे सरकायला तयार नाहीत. खाली पंधरा नॉट असतील, तर वर पंचवीसला कमी नाही. अस्सल मतलई. ड्रोन इथून सोडलं तर बोटीमागे मजेत जाईल, आणि परत येताना त्याला डोंगर चढायला लागेल.

उलीस नावाचा म्हातारा कोळी कोरीनशेजारी काठी टेकून उभा होता. तो म्हणाला, "काय झकास दिवस दिलाय देवाने! उडव पोरी, बिनधास्त उडव. पाणी बघ की, अंडं ठेवलं तर हलायचं नाही."

कोरीनने फोनवर वारा बघितला. "हा पण हिरवं दाखवतोय." मग तिने मान वळवली. "झेली, तू सांग. उडवू?"

अगदी सरळ विचारलं. तिच्या आवाजात गर्व नव्हता, चेष्टा नव्हती. विचारायचं ते माहीतगाराला, एवढंच होतं त्यात. झेलीच्या तोंडात उत्तर तयार होतं. बांधावर जा, तिकडून सोड, अजून वीस मिनिटं आहेत, गाडीने नेते तुला. नुसतं ओठ उघडायचं काम होतं.

"बोटी निघतायत ना?" झेली म्हणाली. "मग झालं."

ती खोटं बोलली नव्हती. बोटी निघतच होत्या. ड्रोन बुडावं असंही तिच्या मनात नव्हतं, हे तिला नंतरही शपथेवर सांगता आलं असतं. नुसती थोडी फजिती व्हावी. सगळ्या गावासमोर एकदा तरी कोरीनच्या हातून काहीतरी निसटावं. बावन्न वर्षांत एकदा.

सातला भोंगा झाला. बोटी एकामागून एक निघाल्या, प्रत्येकीवर घराएवढी सापळ्यांची चळत, वर खलाशी बसलेले. लोकांचा ओरडा, भोंगे, कुत्र्यांचं भुंकणं. रेआलची बोट आठवी होती. ती दोर सोडून धक्क्यापासून दूर झाली तसं कोरीनचं ड्रोन आडोशातून वर उठलं, छपराच्या वर जाताच एकदम तिरकं झालं, आणि सुसाट निघालं.

'बघ,' झेली मनाशी म्हणाली.

ड्रोन बोटीला मागे टाकून पुढे गेलं आणि वळून धक्क्याकडे तोंड करून मागे मागे सरकत राहिलं. झेलीची नजर त्याच्यावरच खिळली. किती कललंय. किती लांब गेलंय. एव्हारिस्त शेजारी टोपी काढून हलवत होता, ओरडत होता, त्याने एकदा तिला कोपराने ढोसलंही. तिने लक्ष दिलं नाही. ती मनात सेकंद मोजत होती.

मग कोरीनच्या हातातलं यंत्र टीं टीं करायला लागलं. "वारा जोरात आहे म्हणतंय. परत आणा म्हणतंय." तिने कळ दाबली. लांबवर तो काळा ठिपका नाक खाली घालून झटू लागला आणि तरीही इंचाइंचाने मागेच जात राहिला. "झेली, येत नाहीये ते. झेली!"

कोरीनचा चेहरा पांढरा पडला होता. त्या चेहऱ्यात झेलीला ती सहा वर्षांची दिसली, सायकल पाण्यात पाडून दारात उभी राहिलेली. आणि मग तोंडाचं कुलूप आपोआप निघालं.

"खाली घे! वर नको ठेवूस, खाली घे! पाण्यावर दहा मीटर आण. खाली वारा कमी असतो. कॅमेरा सोड, नाक सरळ माझ्या लाल कोटाकडे कर!"

कोरीनने तसं केलं, आणि ड्रोन खरंच पुढे यायला लागलं. पण बॅटरी संपत आली होती. बंदराच्या तोंडाशी ते एकदा डुगडुगलं आणि पाण्यात बसलं.

एव्हारिस्तच्या खिशातला रेडिओ खरखरला. रेआलचा आवाज. "बाबा, मावशीचं यंत्र माझ्या उजव्या हाताला पडलंय. अजून तरंगतंय. वळून उचलू का? मिनिटभराचं काम आहे."

पावणेचारशे सापळ्यांची चळत डोक्यावर घेतलेली बोट बंदराच्या तोंडाशी, वळली की बाहेरच्या लाटेला आडवी. आमच्याकडे अशा वळणाने गेलेल्या माणसांची नावं चर्चच्या भिंतीवर आहेत. झेलीने नवऱ्याच्या हातातून रेडिओ हिसकावला.

"वळवलंस तर याद राख! सरळ जा! ऐकतोयस ना? सरळ! मरू दे ते यंत्र!"

"बरं बरं, ओरडू नकोस," रेआल म्हणाला, आणि बोट सरळ गेली. पाठोपाठच्या बोटींनी तो काळा ठिपका कधी खाली घातला ते कुणालाच दिसलं नाही.

बोटी क्षितिजाकडे गेल्या तसे लोक पांगले, अग्निशमन केंद्रात न्याहारी होती. जाता जाता उलीस म्हणाला, "तरी झेलीने खाली घे म्हटल्यावर किती पुढे आलं! वारा कळावा तर हिला." दोन बायकांनी माना डोलावल्या. "तिलाच द्यायला हवं होतं काम." थोड्या वेळापूर्वी झेलीला याहून गोड काही ऐकायचं नव्हतं. आता तिने तिकडे वळून बघितलंही नाही.

कोरीन गाडीच्या मागच्या फळीवर बसली होती. रेडिओ अजून झेलीच्याच हातात होता. ती बहिणीशेजारी जाऊन बसली. एव्हारिस्त जरा लांबच उभा राहिला, लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या माणसाला कुठे उभं राहावं हे कळतं.

"ड्रोनचं सोड," कोरीन नाक पुसत म्हणाली. "रेआलचा व्हिडिओ तरी वाचलाय. फोनवर उतरलाय, जरा अंधुक आहे. बघ ना. त्याने मला काय काय बजावून ठेवलं होतं. मावशी, पुढून काढ, बोट आणि धक्का दोन्ही दिसायला हवेत. आई पाच वर्षं सगळ्यांना काढते, खाली मान घालून त्या पडद्यात. निघणारी बोट तिने नुसत्या डोळ्यांनी कधी बघितलीच नाही. माझ्या वेळी तिने बघावं, आणि ती बघतेय हे मला नंतर बघायचंय, म्हणाला."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तो स्वतः सांगणार होता. रविवारी सांगितलं नाही का?"

कोरीनने फोन पुढे धरला.

पडद्यावर रेआलची बोट येत होती. तो केबिनच्या दारात उभा, एक हात सुकाणूवर, दुसऱ्या हाताने टोपी काढून मागे धक्क्याकडे हलवतोय. थांबतच नाहीये. कुणालातरी शोधत असल्यासारखा पंजांवर उभा राहून हलवतोय. त्याच्या मागे धक्का, ओळीने सगळं गाव, सगळे हात वर, सगळी तोंडं त्याच्या बोटीकडे. मधोमध एक लाल कोट. त्या कोटाचे हात खिशात, आणि चेहरा वर, सरळ कॅमेऱ्याकडे. रेआल हात हलवतोय, आणि ती वर बघतेय. बोट पुढे जाते, ती वरच बघतेय.

"मला माहीत होतं, कोरीन," झेली म्हणाली. "तू विचारलंस तेव्हाच. इथून सोडलं तर येणार नाही हे मला माहीत होतं. माझंही एक असंच गेलंय."

व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता.

"इतकं जळतेस माझ्यावर?"

"हो."

तेवढ्यात रेडिओ बोलला. रेआल बाहेर पोचला होता, आवाज खुशीत होता. "आई, तिथेच आहेस का? मी हात केला तो बघितलास ना?"

त्या चॅनेलवर गावातल्या सगळ्या बोटी असतात, सगळे तांडेल ऐकत असतात. कोरीनने रेडिओकडे बघितलं आणि मग बहिणीकडे. सांभाळून घ्यायला दोनच शब्द पुरले असते, आणि कोरीनने ते कधी कुणाला सांगितले नसते.

झेलीने बटण दाबलं. "नाही रे राजा. नाही बघितला. मी वर बघत होते."

"वर? वर काय होतं?"

"तुझ्या मावशीचं ड्रोन," झेली म्हणाली. "ते कधी पडतंय याची वाट बघत होते."